मामांचा नामंजूर डबा

माझ्या बायकोच्या मामांइतका दोष काढण्यात तरबेज माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही, आणि चुकून असलाच तर त्याच्यातला दोष मामांनी एव्हाना काढला असेल. हा त्यांचा स्वभाव आहे असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. हा त्यांचा पेशा आहे. मामा ऐन तारुण्यात खान्देशातून सुरतेला आले आणि आयुष्यभर लूमच्या कारखान्यात कापड तपासण्याचं काम केलं. मागावरून उतरलेला तागा टेबलावरून ओढत न्यायचा आणि कुठे तुटका धागा, तेलाचा डाग किंवा विणीतली फट दिसली की तिथे खडूने गोल करायचा. पुढे मामा निवृत्त झाले, खडू झाला नाही. तो अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. आम्ही डिंडोलीत फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेले इतर पाहुणे "छान आहे, हवेशीर आहे" असं म्हणून जेवून गेले. मामांनी मात्र आल्या आल्या चारही भिंतींवरून नजर फिरवली, खडू काढला आणि होमाचा धूर अजून विरला नव्हता तोवर बैठकीच्या खोलीत सात गोल केले. "जवाईबापू, भितले ओल लागनी शे," एवढं बोलून ते शांतपणे पाटावर जाऊन बसले. जावयाला मान देण्याची त्यांची ही पद्धत. तिच्यापेक्षा अपमान परवडतो. पुढच्या पावसाळ्यात बरोबर त्या सात जागी पोपडे धरले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हात असाच चालतो, फक्त खडू लागत नाही. चुलत भावाच्या नातीला बघायला आलेला मुलगा त्यांनी एकदा तागा बघावा तसा खालून वर बघितला आणि सर्वांसमक्ष निकाल दिला की माल बरा आहे, पण किनार उसवलेली आहे. मुलगा पळून गेला. वर्षभराने कळलं की त्या मुलाचं आधी एक लग्न झालेलं होतं, आणि त्या दिवसापासून नातेवाइकांत मामांविषयी जे प्रेम होतं त्यात थोडी भीती मिसळली. आता त्यांना लग्नाचं आमंत्रण जातं, पण साखरपुड्याचं जात नाही.

मामी गेल्या आणि मामा गोडादऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटे राहिले. मुलगा हैदराबादला नोकरीला. तो बोलावत होता, मामा जात नव्हते. राहता राहिली भाची, म्हणजे माझी बायको, आणि इथेच खरी पंचाईत होती. आमच्याकडे येऊन राहणं तर सोडाच, पण आमच्या घरचा घास खाणंसुद्धा मामांना मंजूर नव्हतं. वास्तुशांतीचं जेवण त्यांनी देवाचा प्रसाद म्हणून खाल्लं होतं, ती सवलत एकदाच. भाची म्हणजे लेक. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. "भाचीना घरनं खाईसन मी कोनता नरकमा जाऊ?" असं ते विचारत, आणि नरकांची यादी माझ्याजवळ नसल्याने मी गप्प बसत असे. बायको हट्टाला पेटून रोज डबा पाठवू लागली. मामा डबा घेत, आणि त्या अन्नाचा दोष उतरावा म्हणून रिकाम्या डब्यात चोळीचा खण घालून परत पाठवत. रोज एक डबा, रोज एक खण. साडेतीन महिन्यांत आमच्या कपाटाचा एक अख्खा कप्पा खणांनी भरला. सुरतेत कापडाला तोटा नाही, पण बायकोला अंग एकच आहे. शेवटी तिनेच डबा बंद केला.

डबा बंद झाल्यावर मामा काय खातात याचा शोध घेतला तेव्हा चहा आणि चहात बुडवलेली खारी, एवढंच उत्तर निघालं. आता कोणी म्हणेल, बिचाऱ्या म्हाताऱ्याला स्वयंपाक येत नसेल. इथेच लोक फसतात. मामा सुरतेला आले तेव्हा एका खोलीत आठ जण राहत, सगळे लूमवरचे, काही दिवसपाळीचे, काही रातपाळीचे. त्या खोलीवर बाई नव्हती, म्हणून स्वयंपाक शिकणं भाग होतं, आणि मामांचं भरीत तेव्हा आजूबाजूच्या खोल्यांत गाजलेलं होतं. येत सगळं होतं. अडचण अशी की त्यांच्या हाताला आठ जणांचंच माप ठाऊक होतं. मामी असताना त्यांनी कधी पातेल्याला हात लावला नाही, त्यामुळे ते माप कमी करायची वेळच आली नाही. मामींचं दिवसकार्य उरकल्यावर पहिल्यांदा त्यांनी भरीत केलं ते दीड किलो वांग्यांचं. चार दिवस तेच खाल्लं, पाचव्या दिवशी फेकलं आणि चूल बंद केली. मी म्हटलं, "मामा, एक वांगं घ्यायचं." माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मीच एक वांगं आहे असं मला वाटलं. "एकलासाठे काय रांधू?" ते म्हणाले. "मना हातले आठनाच अंदाज शे."

मग एके दिवशी ते जिन्यात चक्कर येऊन बसले. शेजाऱ्यांनी उचलून वर नेलं, डॉक्टर आले. वजन इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला. औषध लिहून देताना ते म्हणाले की गोळ्यांपेक्षा दोन वेळच्या जेवणाची सोय करा, नाहीतर पुढच्या वेळी जिन्यात बसतील ते उठणार नाहीत. माझी बायको जिन्यातच रडायला लागली. मला स्वतःला मामांचा राग आला होता, कारण घाबरलो की मला राग येतो.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. माझं डिंडोलीत झेरॉक्सचं दुकान आहे आणि लोकांचे अर्ज भरून देणं हा माझा जोडधंदा. विधवा पेन्शन, रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश, काय म्हणाल ते. मी भरलेला अर्ज परत आलेला नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मीच पसरवलेली असली तरी खरी होती. एक संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचं जेवण देते हे मला दुकानातच कळलं. दोन प्रकार होते. ज्यांना स्वयंपाक करता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही त्यांना घरपोच डबा. ज्यांना चालता येतं त्यांना गोडादऱ्यातल्याच एका वाडीत, म्हणजे आपण ज्याला मंगल कार्यालय म्हणू तिथे, रोज बारा वाजता एकत्र जेवण. मला तर घरपोच डबा म्हणजे ईश्वरी योजना वाटली. संस्था कोणाची लेक नाही, भाची नाही. तिला खण द्यावा लागत नाही. मी गुजराती अर्जाची दोन पानं घेऊन गोडादऱ्याला गेलो.

"मी काय भिकारी शे का?" हा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. मी योजनेचं महत्त्व, ज्येष्ठांचा हक्क, समाजाचं ऋण वगैरे विषयांवर वीस मिनिटं बोललो. मामा भिंतीवरची पाल बघत होते. शेवटी बायको त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्हले मनी आन शे." आण घालताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा हात पुढे करून म्हणाले, "आना तो कागद." माझ्या वीस मिनिटांची ही किंमत.

कागद हातात आल्यावर त्यांनी आधी तो वाचला नाही, तपासला. छपाईतल्या तीन चुका शोधून त्यांना पेनाने गोल केले. मग आम्ही उत्तरं लिहायला घेतली. आपण एकटे राहता का? मामांनी भिंतीवरच्या मामींच्या फोटोकडे बोट दाखवलं. "एकला कसा? हाई शे ना." मी "होय" लिहिलं. दिवसातून किती वेळा जेवता? "दोन." बायकोने खारीचा पुडा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. मी "अनियमित" लिहिलं. काही आजार? मामांनी स्वतःचा एकही आजार सांगितला नाही, पण त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताला कंप आहे हे मात्र लिहायला लावलं. स्वयंपाक करता येतो का, या प्रश्नावर मी मान वर केली नाही आणि मोठ्या अक्षरांत "नाही" लिहिलं. हे उत्तर मी मोठ्याने वाचलं असतं तर मामांनी अर्ज तिथेच फाडला असता. ज्या माणसाच्या भरतासाठी एके काळी शेजारच्या खोल्या रांगा लावत, त्याला स्वयंपाक येत नाही असं मी लिहून दिलं. धंद्यात थोडं पाप होतंच.

अर्जासोबत दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या: अर्जदार एकटा राहतो आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देणारं नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं. मी दोन शेजारी बोलावले, अकरा आले. खालच्या मजल्यावरची ओडिशाची दोन कुटुंबं, समोरची बिहारी आजी, नंदुरबारकडचे तिघे भाऊ, इस्त्रीवाला आणि त्याची बायको. जिन्यात पडलेल्या मामांना उचलणारे हेच लोक. सही कोणी करायची यावर वाद झाला, कारण प्रत्येकाचं म्हणणं मामांना आपण सगळ्यांत जवळचे. मामांनी सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवलं. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत मी मांडी घालून लिहीत होतो की सदर अर्जदारास सोबत करणारे कोणीही नाही. असा भरगच्च एकटेपणा मी माझ्या धंद्यात पाहिला नव्हता.

आठवड्याभरात संस्थेचा निरोप आला की तपासणीसाठी एक बेन मंगळवारी अकरा वाजता घरी येतील. बेन म्हणजे ताई. इथे सगळ्या बायका बेनच. सोमवारी संध्याकाळी जाऊन मी मामांची तयारी करून घेतली. गादीवर बसायचं. पांघरूण गुडघ्यापर्यंत. विचारेल तेवढंच बोलायचं. तिच्यातला कुठलाही दोष काढायचा नाही. "आणि मामा, जमलं तर थोडं खोकायचं." मामा म्हणाले की खोकला आला तर खोकेन, नाहीतर काय म्हणून खोकू. एवढ्यावर समाधान मानून मी घरी आलो. मंगळवारी साडेदहाला दुकान बंद करणार होतो, पण नेमकं एक गिऱ्हाईक आधारकार्डाच्या चौदा प्रती काढायला आलं आणि त्याला प्रत्येक प्रत अधिक काळी हवी होती. मी गोडादऱ्याला पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते.

पहिल्या मजल्यावर मला लसणाच्या फोडणीचा वास आला. मी स्वतःची समजूत घातली की ओडिशाची मंडळी असतील. दुसऱ्या मजल्यावर भाजलेल्या वांग्याचा आणि हिरव्या मिरचीचा वास आला. तेव्हा मी कठडा धरला. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. आत संस्थेच्या बेन जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांची फाइल खिडकीत ठेवलेली होती, ओढणी खोचलेली होती आणि पुढ्यातल्या ताटात भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी होती. त्यांच्या शेजारी बिहारी आजी, पलीकडे इस्त्रीवाला, त्याची बायको आणि नंदुरबारचे दोघे भाऊ. मामा घामाघूम होऊन तव्याजवळ बसले होते. मला बघून बेननी तोंडातला घास गिळला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "भाई, आवो ओळो में क्यांय खाधो नथी!" वांग्याच्या भरताला इथे ओळो म्हणतात. असा ओळो त्यांनी जन्मात कुठे खाल्ला नव्हता. माझा अर्ज त्या ओळ्याखाली गाडला गेला हे मला त्याच क्षणी कळलं.

"मामा," मी दात आवळून हळूच म्हणालो, "तुम्हाला सांगितलं होतं ना, गादीवरून उठायचं नाही?"

"घर उनी बाई. तिले उपाशी धाडू का?"

"अहो, ती तुम्ही उपाशी राहता का ते बघायला आली होती!"

"मंग?" मामा भाकरी उलटत म्हणाले. "तिनी देखं ना, मना घरमा कोनी उपाशी ऱ्हास नही."

ताटलीभर भरीत माझ्याही पुढे सरकवण्यात आलं आणि रागारागात मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मामाही बसले. पंगतीत सगळे मिळून आठ झाले होते, आणि मामांनी कोणाकडे न बघता दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताट पुसून खाल्लं. मला तेव्हा हे दिसलंच नाही; मी माझ्या पडलेल्या अर्जाचं सुतक पाळत होतो. बेनना दिसलं. जाताना त्या जिन्यात थांबल्या आणि मला नीट ठसावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, "भाई, काका को टिफिन मत दो. टिफिन ऐसे ही पड़ा रहेगा।"

चार दिवसांनी कागद आला. घरपोच डबा: नामंजूर. कारण: अर्जदार स्वतः उत्तम स्वयंपाक करतात. सामूहिक भोजन: मंजूर. "उत्तम" शब्दाखाली रेघ होती. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला नामंजूर अर्ज आणि तो माझ्याच मामेसासऱ्यांचा. मामांनी तो कागद तीनदा वाचून घेतला, रेघेवर बोट फिरवलं आणि जपून मामींच्या फोटोमागे ठेवला. संस्थेने आपल्याला नाकारलं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना ते प्रशस्तिपत्र वाटलं. ज्या संस्थेला स्वयंपाकातलं कळतं तिच्या पंगतीला जायला हरकत नाही, असं म्हणून दुसऱ्याच दिवशी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून वाडीवर गेले.

संस्थेने वाडीत जे काही पुण्य कमावलं असेल ते मामांनी पहिल्या आठवड्यात व्याजासकट भोगायला लावलं. पहिल्याच दिवशी वरणाचा एक घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली. "दाळमा गूळ! हाई दाळ शे का खीर शे?" वाढणाऱ्या बायकांनी समजावलं की काका, इथे असंच असतं. मामांना इथे राहून उभा जन्म गेला होता, पण हा मुद्दा त्यांनी पहिल्यांदाच मांडल्यासारखा मांडला. दुसऱ्या दिवशी ते स्टीलच्या चपट्या डबीत ठेचा घेऊन गेले. संस्थेच्या नियमाप्रमाणे वृद्धांना तिखट वर्ज्य होतं. मग ठेचा टेबलाखालून फिरू लागला. महिन्याभरात अशी स्थिती झाली की वाढणाऱ्या बायका पाठ फिरवताच पस्तीस म्हातारे-म्हाताऱ्या एकदम खाली वाकत, आणि वर येत तेव्हा सगळ्यांच्या नाकाचे शेंडे लाल असत. बेननी मला बोलावून तक्रार केली. तक्रार करताना त्यांचंही नाक लाल होतं.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती. जेवण बाराच्या ठोक्याला वाढलं जाई आणि मामांची रांग जेवायला सुरुवातच करत नसे. त्या रांगेत डिंडोलीच्या एक आजी, एक शिंपीकाका, मामांच्या समोरची बिहारी आजी असे सगळे असत, आणि एक निवृत्त रेल्वे कामगार बाबा होते, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये काम केलेले, भुसावळकडचे. काठी टेकत, दर शंभर पावलांना थांबत ते यायचे, त्यामुळे त्यांना रोज पंधरा-वीस मिनिटं उशीर. तोवर मामा हात पसरून रांग अडवून बसत. "थांबा व बाई, एक जन बाकी शे." पोळ्या गार, वरणावर साय. दारातून बाबांचा "जय भीम" ऐकू आला की मामा ओरडत, "रेल्वेमा व्हता ना, टाइमवर कसा येई?" बाबाही कमी नव्हते. ते म्हणत, "अरे, ज्या गाडीला उशीर होतो तिची वाट लोक बघतात, वेळेवर निघून गेलेल्या गाडीला कोण विचारतं?" मग सगळे हसत आणि जेवायला लागत. हे रोज. तोच विनोद, तेच हसणं. मी एकदा मामांना म्हटलं की तुमचं बाबांवर भलतंच प्रेम दिसतं. मामांनी मला झटकून टाकलं. त्यांचं म्हणणं, ही खोलीवरची शिस्त आहे. आठ जण राहायचे, त्यात शेवटचा कारखान्यातून येईपर्यंत कोणी घास तोडायचा नाही, कारण आधी बसणारे भाजी संपवायचे आणि शेवटच्याला रिकामं पातेलं मिळायचं. म्हणजे हा नियम प्रेमाचा नव्हे, चोरांचा होता. मामांच्या प्रत्येक चांगल्या गुणामागे असलं काहीतरी रोखठोक कारण निघतं, आणि ते ऐकल्यावर मला त्यांच्याविषयी उलट जास्तच वाटू लागतं.

वजन वाढलं. गाल भरले. बायकोने पुन्हा एकदा डबा पाठवून बघितला, तेव्हा मामांनी निरोप दिला की वाडीतलं जेवण सोडून भाचीचं खायला आता वेळ नाही. तिला राग आला आणि आनंद झाला, दोन्ही एकदम. मला मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत राहिली. माझा अर्ज मंजूर झाला असता, तर रोज बाराला कोणीतरी त्या बंद दारापाशी डबा ठेवून गेलं असतं आणि मी छाती फुगवून फिरलो असतो. बेननी अर्ज फेटाळला म्हणून मामा वाचले. हे कबूल करायला मला बरेच महिने लागले.

यंदा थंडीत मामा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा विमानाने आला, ऑपरेशन केलं, रजा वाढवली, पाठीला पावडरसुद्धा लावली. मुलगा वाईट नाही हे मला नाइलाजाने लिहावं लागतं. वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. तिसरा मजला आता चढणं शक्य नव्हतं. तो त्यांना हैदराबादला घेऊन गेला. निघताना मामांनी भाड्याने आणलेल्या गाडीच्या दारावर कुठेतरी उडालेला रंग पाहिला, पण खडू काढला नाही. मला ते आवडलं नाही.

पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. मामा जेवत नाहीत. ती चांगलं करते, मऊ करते, मिरची विचारून घालते. ताट तसंच परत येतं. मुलगा ऑफिसात, ती दुपारी घरून काम करते, तेव्हा जेवायला मामा एकटेच. माझ्या डोळ्यांपुढे जिन्यात बसलेले मामा आले. मला काहीच सुचेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला फोन लावला आणि उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, काय चाललंय. मामांनी माझा प्रश्न सोडून दुसरंच विचारलं. "वाडीवर आज काय व्हतं? कोन कोन उनात?" मला काय माहीत? मी तसं सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि ठेवून दिला. त्या दिवशीही ताट परत गेलं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी बारा वाजता दुकानाला कुलूप लावलं, वाडीवर गेलो आणि त्यांच्या रांगेच्या टोकाला उभा राहून फोन केला. भात, वरण, दुधीची भाजी. डिंडोलीच्या आजी आल्यात. बिहारी आजी आल्यात. शिंपीकाका आलेत. रेल्वेवाले बाबा दारातून येतायत, घ्या, बोला. पलीकडून शिवी आली, इकडून शिवी गेली, रांग हसली. संध्याकाळी सुनेचा निरोप आला की मामा जेवले.

तेव्हापासून मी रोज जातो. गिऱ्हाइकं चिडतात. बाराला दुकान बंद ठेवणारा झेरॉक्सवाला सुरतेत मी एकटाच असेन. मामा ताट समोर घेऊन बसलेले असतात, मी एकेक नाव सांगतो, शेवटचा आला की ते पहिला घास घेतात. फोन रेल्वेवाल्या बाबांच्या हातात देत असे तेव्हा मी आपला बाजूला उभा राहून वरणाचा वास घेत असे.

रेल्वेवाले बाबा मागच्या महिन्यात गेले. दोन दिवस ताप आला, बस. बायको म्हणाली, मामांना सांगायला हवं. मीही म्हणालो, हवं. त्या दिवशी मी वाडीवर गेलो तेव्हा त्यांच्या रांगेत कोणी जेवायला सुरुवात केली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोन लावला, भाजी सांगितली, नावं सांगितली. मग मामांनी विचारलं, "रेल्वेवाला उना का?"

"आलेत," मी म्हणालो. "कान दुखतोय त्यांचा, फोनवर बोलत नाहीत."

"उशिरा?"

"उशिराच."

रोजचा टाइमचा टोमणा त्या दिवशी आला नाही. मग मामा म्हणाले, "मंग बठा आते," आणि ताट जवळ ओढल्याचा आवाज आला. इकडे रांगेतल्या लोकांनीही हळूहळू हात पुढे केले. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो.